थेंबाचे माप

आमच्या किन्हीराजाला समुद्र नाही. जवळचे म्हणावे असे खारे पाणी लोणारच्या सरोवराचे, आणि त्यात प्रवाळ काही वाढायचे नाही. तरीही एका रात्री अडीच वाजता मला समुद्राच्या कामासाठी फोन आला. भाचा न्यू जर्सीत असतो, तिकडे तेव्हा संध्याकाळ होती. त्याच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे आणि तीत जिवंत प्रवाळ. "मामू, चुन्याची नळी चोंदली. काय करू?"

चुना म्हटल्यावर त्याला मामू आठवला, कारण माझे अब्बा पानठेला चालवत. चुन्याच्या डबीच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, ती लिंबाने निघते, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी म्हटले, "लिंबू नाहीतर सिरका घाल, आणि झोपू दे."

आता प्रवाळाला चुना कशाला? प्रवाळ हा एक इवलासा प्राणी. तो पाण्यातले कॅल्शियम ओढून स्वतःचे दगडी घर बांधतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि समुद्र मोठा, म्हणून तिथे संपायची चिंता नाही. काचेच्या टाकीतले मात्र संपते. ते रोज भरून द्यावे लागते, आणि एकदम ओतून चालत नाही. थेंबाथेंबाने द्यावे लागते.

घरी प्रवाळ सांभाळण्याचा इतिहास फार जुना नाही. जकार्ताच्या ली चिन इंग यांनी १९६१ मध्ये आपली साधी रीत छापून सांगितली. समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांची टाकी चालत असे. पण समुद्र त्यांच्या हाकेच्या अंतरावर होता. समुद्रापासून दूर असलेल्या युरोपात पेटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात चुन्याच्या निवळीचा उपाय रूढ केला. शाळेत फुंकर मारून दुधाळ करतो ना, तीच ही निवळी. टाकीतले जेवढे पाणी रोज उडून जाते तेवढी निवळी ठिबकवायची. आपल्या कोकणात शिंपले भाजून चुना करत. समुद्राने दिलेले समुद्राच्याच जिवाला परत, असा हा व्यवहार.

ठिबकवण्याचे यंत्र बाजारात महाग, म्हणून हौशी लोक घरीच जुळवाजुळव करू लागले. सर्वांत सोपे साधन दवाखान्यातला सलाईनचा संच. भाच्यानेही तोच वापरला, आणि तो त्याला नवा नव्हता. माझी अम्मी शेवटच्या आजारात घरीच होती. खुंटीला बाटली टांगलेली, आणि दहा वर्षांच्या या पोराकडे थेंब मोजण्याचे काम. घड्याळ हातात धरून तो पुटपुटत बसे. नेहमीच्या संचाचे साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. त्याच्या टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी उडते. म्हणजे साठ हजार थेंब, मिनिटाला ४२. हा हिशेब त्याने मला फोनवरच करून दाखवला होता.

पुढच्या पायरीला मोटर येते. रबरी नळी रुळांनी दाबत दाबत द्रव पुढे ढकलणारा पंप वैद्यकातही कामाला आला. अमेरिकेत मायकेल डिबेकी यांनी १९३० च्या दशकात तो रक्त देण्यासाठी वापरला. पुढे तसलेच पंप हृदय-फुप्फुस यंत्रात गेले. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो नावाची स्वस्त पाटी निघाल्यावर तर घराघरातली पोरे असे पंप वेळेवर चालू-बंद करू लागली.

पण यंत्र कोणतेही असो, दुखणे जुनेच. भोक चोंदणे. भास्कराचार्यांच्या लीलावतीची कथा आपण ऐकलेली असते. मुहूर्तासाठी घटिकापात्र पाण्यात सोडलेले, मुलगी वाकून बघते, अंगावरचा मोती त्यात पडतो आणि भोक बंद होते. मुहूर्त टळतो. ही कथा आपल्यापर्यंत आली ती फैजीकडून. अकबराच्या सांगण्यावरून त्याने १५८७ मध्ये 'लीलावती'चे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती आहे. फैजी पडला कवी. त्याच्या हाती मोती लागल्यावर तो भोकातच जाणार! भाच्याच्या नळीत मोती नव्हता, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने धरलेली चुन्याची खपली होती. तसा मोतीही त्याच द्रव्याचा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. सिरक्याने नळी मोकळी झाली होती. पाहण्यासाठी म्हणून त्याने चाक पूर्ण उघडले आणि तेवढ्यात ऑफिसचे काम निघाले. तासाभराने येऊन बघतो तर बाटली रिकामी आणि टाकीतले पाणी दुधासारखे. निवळीचा सामू बाराच्या वर, समुद्राच्या पाण्याचा आठच्या थोडा पुढे. प्रवाळाला ते कसे सोसावे? नळी कशी मोकळी करायची ते मी सांगितले होते. चाक मिटवून मग ती जोड, हे सांगितले नव्हते. झोप मोडल्याचा राग होता ना.

हे ऐकून इथल्या एका शेजाऱ्याला तशी टाकी करायची हौस आली. त्याला सांगावे लागले की आपल्याकडे २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीत. घरी ठेवता येत नाहीत. मी स्वतः प्रवाळ पाहिले ते भाच्याने धाडलेल्या फोटोंतच. शाळेच्या सहलीत मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते, १९५१ साली सुरू झालेले. त्यातले मासे तेवढे आठवतात.

तीन आठवड्यांनी भाच्याचा नवा फोटो आला. एक फांदी पांढरी पडली होती, ती त्याने कापून काढली. बाकीच्या फांद्यांची तोंडे उघडी होती. फोटोच्या कडेला सलाईनचे चाक दिसत होते आणि त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर मराठीत लिहिले होते : ४२.