चावडीपासून घरापर्यंत

वाचकहो, गरिबाच्या घरी इंटरनेट यावे म्हणून सरकारने हातभार लावावा काय, हा प्रश्न नवा वाटतो. पण त्याचे मूळ जुने आहे. आपल्या नागपूरला आकाशवाणीचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या काळी रेडिओ म्हणजे शेतमजुराच्या आवाक्याबाहेरची वस्तू. वर दरसाल परवान्याची फी भरायची ती निराळीच. म्हणून सरकारी मदतीने गावोगाव सामुदायिक संच बसू लागले. घरी नाही तर चावडीवर तरी ऐका, असा तो हिशोब.

पण संच बसला म्हणजे काम झाले काय? १९५६ साली पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग झाला. गावकऱ्यांची मंडळे आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. पॉल नॉयराथ यांनी त्याची पाहणी केली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी!

आता आजचे पाहा. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबरची तार नेण्याची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. तिचा पैसा येतो दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातील ठरावीक वाट्यातून उभ्या केलेल्या निधीतून; २०२४ पासून त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. २०१६ च्या अखेरीस नागपूर देशातील पहिला डिजिटल जिल्हा म्हणून जाहीर झाला. मात्र तार आली ती पंचायतीपर्यंत. पुढचे अंतर पैशाचे. २०२० साली शाळा बंद पडून धडे मोबाइलवर गेले, तेव्हा ज्या घरी फोन नव्हता, त्या घरचे पोर मागे राहिले.

अमेरिकेने २०२१ च्या कायद्याने थेट कुटुंबालाच मदत दिली: इंटरनेटच्या बिलात दरमहा ३० डॉलरपर्यंत सूट. २ कोटी ३० लाख कुटुंबांनी ती घेतली. पण निधी संपला आणि १ जून २०२४ रोजी योजना बंद पडली.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवू. मदत घरापर्यंत पोचावी आणि तिच्यामागे कायमचा निधी असावा, ही मागणी सरकारकडे करायची. पण ऐकणारे, विचारणारे मंडळ आपले आपणच उभे करायचे. गुरुजी, त्याला मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.