मेणवलीचा वाडा, साल 1790

वाईपासून कोसभर कृष्णेच्या काठानं आलात आणि समोर उभी राहिली ती नुसती भिंत. साल 1790. धनी, नाना फडणवीस, पुण्यात कारभारात गुंतलेले. वाडा मात्र राबता आहे, बांधून जेमतेम दहा वर्षं झालेला.

मोठा दरवाजा तुमच्यासाठी कोणी उघडत नाही. त्यातली दिंडी उघडते. पागोटं सांभाळा, मान खाली घाला, एक पाय आत टाका, मग दुसरा. आत आल्याबरोबर दरवाज्यामागचं चौकोनी भोक बघून घ्या. अडसर दिवसा तिथं भिंतीच्या पोटात लपलेला असतो. रात्री देवडीवरचा शिपाई तो कडीला धरून ओढतो आणि समोरच्या भिंतीतल्या खोबणीत बसवतो. ओंडका दरवाज्याहून लांब, म्हणून तो गिळायला भिंतही तशीच दणकट लागते.

वाड्यात चौक सहा. कुठवर जायचं हे तुमच्या कामावर ठरतं. कागद घेऊन आला असाल तर सदरेशी थांबा. कारकून कागदांचा रुमाल सोडतो, मोडीतले कागद वाचतो, पुन्हा बांधतो. पुढं इतिहासकार या कागदांनाच मेणवली दफ्तर म्हणतील. माजघर तुमच्यासाठी नाही. तिकडच्या बांगड्या ऐकू येतात, माणूस दिसत नाही.

तोवर ओसरीचा खांब न्याहाळा. दगडी वाडा बघायला आलात खरे, पण आतलं ओझं वाहतंय लाकूड. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर पाट. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि ओसरी किती मोठी हे गवंडी हातांत मोजून सांगत नाही, खणांत सांगतो. आता खाली वाका. सागवान जमिनीला टेकलेलंच नाही. प्रत्येक खांबाखाली घडीव तळखडा आहे, म्हणून ओल आणि वाळवी दोन्ही खालीच अडतात. दगडाची खरी किंमत मला तरी तटापेक्षा इथं जास्त वाटते. आषाढात चारी बाजूंच्या छपरांचं पाणी चौकात कोसळतं, तेव्हा ओसरीवरचा कारकून कोरडा राहतो तो ओसरीखालच्या उंच दगडी जोत्यामुळं.

मागच्या बाजूनं नदीकडं उतरलात की काळ्या दगडाचा घाट. पायऱ्यांवर धुणी, वर मेणेश्वराचं देऊळ, आणि तिथं टांगलेली भलीमोठी घंटा. जवळ जाऊन बघा, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीज फिरंग्यांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतली ही लूट. शंकराच्या दारात फिरंग्यांची घंटा वाजते याचं धुणं आपटणाऱ्या बायकांना काहीच वाटत नाही. त्या तुम्हालाच पायरीवरून बाजूला व्हायला सांगतात.