जयंतीच्या दोन तीरांवरील गांव

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई या गांवास दीर्घ काळ दोन नांवें होतीं. जयंती नदीच्या एका तीरावरचें तें अंबें, आणि दुसऱ्या तीरावर लष्करी छावणीभोवतीं वाढलेलें तें मोमिनाबाद. निजामी राजवटींत सरकारी दप्तरांत सबंध गांवालाच मोमिनाबाद म्हणत. देवीच्या यात्रेकरूंच्या तोंडीं मात्र अंबेजोगाई हेंच नांव राहिलें.

तीर्थक्षेत्र म्हटलें कीं तेथील लोक पिढ्यान् पिढ्या तेथलेच असावेत, अशी आपली समजूत असते. अंब्याचा इतिहास निराळें सांगतो. येथील ग्रामदेवता योगेश्वरी हीच मुळीं परगांवची! आख्यायिका अशी कीं, परळीच्या वैजनाथाशीं विवाह करण्यासाठीं ती कोंकणांतून वऱ्हाडासह निघाली. परंतु मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे पाषाण झाले आणि देवी येथेंच राहिली. हत्तीखाना या नांवानें ओळखलीं जाणारीं येथील लेणीं म्हणजे तिचा जानवसा, असें लोक मानतात. आख्यायिका हा इतिहास नव्हे. तथापि कोंकणस्थ घराण्यांची कुलदेवता सह्याद्रीच्या इतक्या पूर्वेस, बालाघाटाच्या पठारावर असावी, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे.

शिलालेखांच्या काळांत आलें तरी हाच प्रकार दिसतो. यादवराजा सिंघण याचा पराक्रमी सेनापति खोलेश्वर याचे लेख येथें सांपडले आहेत. शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० च्या लेखावरून कळतें कीं, खोलेश्वराचा पुत्र राम गुजराथच्या स्वारींत कामास आला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ येथें देवालय बांधलें. पुढें सोळाव्या शतकांत दासोपंत आले. त्यांचा जन्म १५५१ चा, नारायणपेठचा. हें गांव आज तेलंगणांत आहे. वडील बीदरच्या बरीदशाहींत वसुलाचे अधिकारी. ज्या दासोपंतांनीं कापडाच्या पासोडीवर मराठी ग्रंथ लिहिला, ते अशा रीतीनें तेलगू मुलखांतून येऊन अंब्याचे झाले.

एकोणिसाव्या शतकांत आले ते घोडेस्वार. निजामाच्या राज्यांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं जें ‘हैदराबाद कंटिंजंट’ नांवाचें सैन्य होतें, त्याच्या घोडदळाचें एक ठाणें मोमिनाबादेस होतें. या सैन्याच्या खर्चापायींच निजामास १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला. घोडदळाची पद्धत शिलेदारीची. म्हणजे घोडा स्वाराचा, पगार सरकारचा. दख्खनी मुसलमान, शीख, जाट अशा नाना जातींचे लोक या घोडदळांत असत. जेथें घोडदळ असतें तेथें गवत, दाणा, नाल, खोगीर आणि सावकार हीं सर्व लागतात. छावणीचा बाजार असा गांवाशीं बांधलेला असतो.

या स्वारांची एक आठवण १८५७ ची आहे. मोमिनाबादेहून औरंगाबादेस हलविलेल्या पहिल्या रिसाल्यांत, आपणांस दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेणार, अशी वार्ता पसरली. निजामाच्या राज्याबाहेर जाण्यास स्वारांनीं नकार दिला. जून महिन्यांत इंग्रजी फौज येऊन तें बंड मोडलें आणि स्वारांस कठोर शासन झालें. १९०३ सालीं कंटिंजंट हिंदी लष्करांत विलीन झाली आणि तिचें वेगळेपण संपलें.

यानंतर मोमिनाबाद गाजलें तें एका शिक्षकामुळें. विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी येथें १९०३ सालीं जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनंतर सहकाऱ्यांसह येथील योगेश्वरी विद्यालयांत आले. राज्यांत वरिष्ठ शिक्षण उर्दूंतून चाले, अशा काळांत या शाळेनें मराठी मुलांस मातृभाषेंत शिकविलें. १९३८ च्या स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहांत स्वामी उतरले, आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे तेच नेते झाले.

त्या संग्रामाचा शेवट १७ सप्टेंबर १९४८ रोजीं झाला. तत्पूर्वीं रझाकारांनीं निरपराध हिंदूंवर, आणि लढ्यास अनुकूल असलेल्या मुसलमानांवरहि, अत्याचार केले. तदनंतर अनेक ठिकाणीं सूडाचा वणवा पेटला, आणि रझाकारांच्या पापाचें प्रायश्चित्त गरीब मुसलमान कुटुंबांस भोगावें लागलें. भारत सरकारच्या वतीनें पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांनीं राज्यांत फिरून अहवाल लिहिला. त्यांत अतिपीडित जिल्ह्यांच्या खालोखाल बीडची गणना आहे. तो अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं. मुक्तीचा आनंद सांगतांना हें दुःख गाळलें, तर तो इतिहास अर्धाच राहील.

मोमिनाबाद हें नांव आतां सरकारी कागदांतून गेलें आहे. जुनें नांव परत आलें हें योग्यच झालें. परंतु नांवाबरोबर त्या तीरावरच्या माणसांची स्मृति पुसली जाऊं नये. कोंकणची देवी, नारायणपेठचे दासोपंत, दख्खनचे स्वार आणि सिंदगीचे स्वामी या सर्वांस जयंतीच्या काठीं ठाव मिळाला. यांतील कोणालाहि आधीं आला म्हणून घरचा, आणि मागून आला म्हणून परका, असें ठरविण्याचा अधिकार इतिहास आपणांस देत नाहीं.