आई-बाबांसोबत वाळवंटी डोंगरात कॅम्पिंग: बिग बेंडला निघण्यापूर्वी

ह्यूस्टन, ऑस्टिन किंवा डॅलसला मुलांकडे राहायला आलेल्या आई-बाबांना घेऊन बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री तंबूत राहायचे, असा बेत अनेक घरांत ठरतो. बेत चांगला आहे. पण साठी ओलांडलेल्या व्यक्तीला मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर तंबू आणि गाडीइतकीच गोळ्यांची आणि पाण्याचीही आखणी हवी. त्याचे कारण अंतरात आहे. सर्वांत जवळचे रुग्णालय अल्पाइन या गावी, उद्यानाच्या मुख्य केंद्रापासून सुमारे १०० मैलांवर (१६० किलोमीटर) आहे. उद्यानाच्या बहुतेक भागात मोबाइलला रेंज नसते. घरी असताना 'त्रास झाला तर बघू' म्हणता येते, इथे ते चालत नाही.

जागा आणि महिना आधी ठरवा

बिग बेंड टेक्सासच्या पश्चिम टोकाला, चिवावा वाळवंटात, रिओ ग्रांदे नदीच्या काठी आहे. नदीकाठची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, तर चिसोस डोंगरातले एमरी शिखर २,३८७ मीटर उंच आहे. त्यामुळे एकाच दिवशी नदीकाठ आणि डोंगर यांच्या तापमानात १० अंश सेल्सिअसहून अधिक फरक असू शकतो.

- मे ते ऑगस्ट: ज्येष्ठांसाठी टाळा. मे-जूनमध्ये नदीकाठी पारा ३८ अंशांच्या वर जाणे नेहमीचे आहे. मे अखेरची आणि ४ जुलैची सुट्टी याच काळात येते.
- नोव्हेंबर ते मार्च: सर्वांत सोयीचा काळ. मात्र डोंगरात रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. दमा किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल, तर थंडीत नदीकाठचा रिओ ग्रांदे व्हिलेज कॅम्प डोंगरातल्या कॅम्पपेक्षा बरा.

कोणते कॅम्प चालू आहेत हे निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा आणि जागा आधी राखून ठेवा.

"आम्हाला ऊन काय नवीन?"

विदर्भातून आलेले आई-बाबा हमखास असे म्हणतात. उन्हाची सवय शरीराला एक ते दोन आठवड्यांत होते, पण वातानुकूलित घरात तीन-चार आठवडे राहिल्यावर ती बरीचशी निघून जाते. शिवाय कोकणात किंवा मुंबईत घामाने सदरा भिजतो, म्हणून पाणी जातेय हे कळते. वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो. अंग कोरडे लागते आणि 'मला घामच येत नाही' असे वाटत राहते.

धोका फक्त ज्येष्ठांना नाही. जून २०२३ मध्ये याच उद्यानातल्या एका पायवाटेवर १४ वर्षांचा मुलगा ४८ अंशांच्या उन्हात बेशुद्ध पडला आणि दगावला. मदत आणायला गाडी घेऊन निघालेल्या त्याच्या सावत्र वडिलांचाही अपघाती मृत्यू झाला. चालायचे असेल तर पहाटे निघा आणि ऊन चढण्यापूर्वी परत या.

पाणी किती?

माणशी, दर दिवसाला किमान ४ लिटर पाणी गाडीत हवे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्या. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे.

नुसते पाणीच भराभर पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरून डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपणा येऊ शकतो. म्हणून सोबत काहीतरी खारट खा. ओआरएसची पाकिटे जवळ ठेवा. ती नसतील तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाच्या चमच्याने) विरघळवा.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर ४ लिटरचा नियम तुम्हाला लागू नाही. अशा रुग्णाने उन्हाळ्यात हा प्रवास करूच नये.

औषधांबद्दल निघण्याआधी विचारा

पुढील औषधे उष्णतेत अडचण करू शकतात:

- लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधे: पाणी कमी झाल्यास रक्तदाब एकदम घसरतो, मूत्रपिंडावर ताण येतो.
- बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या: उष्णतेशी जुळवून घेण्याची हृदयाची क्षमता कमी होते.
- डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: शरीरातले पाणी कमी होते. मळमळ, पोटदुखी, धाप सुरू झाली तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचलेले असू शकते.

कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. उलट्या-जुलाब झाले तर कोणती थांबवायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

इन्सुलिन: वापरात असलेले पेन साधारणपणे ३० अंशांच्या आत ठेवावे लागते. बंद गाडीत ते कधीही ठेवू नका. पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी कोरड्या हवेत चांगले काम करते. तत्त्व आपल्या माठाचेच. बर्फाला इन्सुलिन थेट टेकवू नका. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी समजा. थंडीच्या रात्री पेन झोपण्याच्या पिशवीत, अंगाजवळ ठेवा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही उन्हापासून जपा आणि साखर कमी झाल्यास लागणारे ग्लुकोज खिशातच असू द्या.

थकवा की उष्माघात?

चक्कर, डोकेदुखी, पेटके, मळमळ, भरपूर घाम, पण बोलणे सुसंगत: हा उष्णतेचा थकवा. सावलीत झोपवा, पाय थोडे उंच करा, ओआरएस घोटघोट द्या. तासाभरात बरे वाटले नाही, तर मदत घ्या.

असंबद्ध बोलणे, तोल जाणे, झटके, बेशुद्धी: हा उष्माघात. घाम येत असला तरीही. यात मिनिटे मोजावी लागतात.

१. सावलीत किंवा एसी चालू असलेल्या गाडीत न्या, जास्तीचे कपडे काढा.
२. अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ असल्यास मान, काखा, जांघांत ठेवा.
३. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही.
४. ९११ लावा. रेंज नसेल तर एकाने रेंजरकडे जावे, दुसऱ्याने थंड करणे चालू ठेवावे.

तंबूजवळ

- तंबूत शेगडी किंवा कोळसा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जातो. उद्यानात लाकडे पेटवायलाही बंदी आहे.
- इथे रॅटलस्नेक आणि विंचू आहेत. रात्री विजेरीशिवाय चालू नका, बूट झटकून घाला.
- साप चावल्यास आवळपट्टी, चिरा, बर्फ काही नको. अंगठ्या, बांगड्या काढा, हात-पाय स्थिर ठेवा आणि रुग्णालय गाठा.

निघण्याच्या आदल्या दिवशी

औषधांची नावे, मात्रा, ॲलर्जी आणि आजार इंग्रजीत एका कागदावर लिहून आई-बाबांच्या खिशात ठेवा. दोन-तीन दिवसांची जादा औषधे घ्या. प्रवासी विम्यात आधीपासून असलेल्या आजारांबद्दल काय लिहिले आहे ते वाचा. कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरी राहिलेल्या एकाला सांगा.

गेल्या तीन महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, अथवा चार पावले चालून धाप लागत असेल, तर या वेळी तंबूचा बेत सोडा. आई-बाबांना सहलीला न्यायचेच असेल, तर रुग्णालय जवळ असलेले ठिकाण निवडा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांत बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*