कचारगडची आई आणि आमची आजी

गेले दोन शनिवार लिहायला जमलं नाही. ऑफिसात रिलीज होता. मध्यरात्री सगळं लाईव्ह गेलं, मॅनेजरचं अभिनंदनाचं मेल आलं, त्यात पाच-सहा नावं होती. जो माणूस गेली तीन वर्षं जुनी सिस्टीम रोज सकाळी उठून चालती ठेवतोय, त्याचं नाव नव्हतं. नेहमीसारखंच. तो हसला आणि चहा प्यायला गेला. मला मात्र कचारगड आठवलं. कसं ते सांगतो. थोडं लांबेल, पण शनिवारच आहे, चहा घेऊन बसा.

आमची आजी 2022 च्या डिसेंबरात गेली. गोंदियाची. (1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी ती शेवटपर्यंत पत्त्यात ‘जि. भंडारा’च लिहायची.) गोंदिया म्हणजे धानाचं गाव, राईस मिलचं गाव. मिलवर काम करणाऱ्या बायकांची पोरं दुपारी आमच्या ओसरीवर असायची. आजी त्यांना भात-वरण वाढायची, पाटी-पेन्सिल द्यायची, नाकं पुसायची. कुणाची सून बाळंत व्हायची असेल तर रात्रभर दवाखान्यात बसायची. खेड्यातून शिकायला आलेली पोरं आमच्याकडे वर्षानुवर्षं राहिली. याला ‘समाजसेवा’ म्हणतात हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ‘काहीतरीच! घरात भात असतो, देतो.’

पुढच्या फेब्रुवारीत घर आवरायला गेलो. ट्रंक उघडली. आजोबांचं सगळं सापडलं: पावत्या, मानपत्रं, गणेशोत्सव मंडळाच्या अहवालातला फोटो. आजीचं काय? एक रेशनकार्ड, एक मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागद. बस्स. पन्नास वर्षं शेकडो पोरांना जेवू घातलं त्याचा एकही कागद नाही. आता असा कागद कोण करतं म्हणा! पण मी हादरलोच.

त्याच सुट्टीत माघ पौर्णिमा आली, 5 फेब्रुवारी 2023, रविवार. शेजारचे काका म्हणाले, घरात बसून रडण्यापेक्षा कचारगडला जाऊन ये. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी गाडी पकडली आणि दरेकसाला उतरलो. तिथून धनेगाव, मग जंगलातून डोंगर चढून गुहा. सालेकसा तालुक्याचा हा कोपरा छत्तीसगडला अगदी लागून आहे. एरवी शांत असतो. त्या दिवशी मात्र पिवळे दुपट्टे, पिवळे झेंडे आणि ढोल यांच्याशिवाय काही दिसत नव्हतं. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, कुठून कुठून गोंड समाजाची माणसं आलेली. आम्ही गोंड नाही. इतक्या जवळ वाढूनही मला या जागेबद्दल काहीही माहीत नव्हतं, ही लाजेचीच गोष्ट.

कथा थोडक्यात अशी. काली कंकालीची 33 मुलं. त्यांचा सांभाळ केला जंगो रायताडने. पुढे शंभूने रागावून ही मुलं कचारगडच्या गुहेत कोंडली आणि तोंडावर प्रचंड शिळा लावली. पहांदी पारी कुपार लिंगो आला. हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताच्या बळावर शिळा हलली, मुलं सुटली, पण हिरासुका त्याच शिळेखाली चिरडला गेला. लिंगोने त्या मुलांना शिकवण दिली, त्यांची कुळं लावून दिली. तोच कोया पुनेम, गोंडांचा धर्म. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, तोंडी इतिहासाचं ते असतंच. गाभा मात्र हाच.

मी एका म्हातारीजवळ बसलो होतो. चुलीवर भात शिजत होता. मी आपला उत्साहाने विचारायला लागलो, लिंगोबद्दल सांगा ना. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आजी हात न धुता ताटावर बसल्यावर पाहायची. म्हणाली, ‘पयले मायचं नाव घे बाबू. मंग लिंगोचं.’

मंडळी, मी तिथेच थांबलो. कारण परत आल्यावर जे वाचलं त्यात सगळीकडे आधी लिंगोच होता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपूरला आला. (हो, तोच, ज्याच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे.) त्याने गोंडांची गाणी-कथा टिपून ठेवल्या. 1863 मध्ये तो ओढ्याच्या पुरात बुडून गेला आणि त्याचे कागद रिचर्ड टेंपल याने 1866 मध्ये छापले. गुहेत कोंडलेल्या गोंडांचं ते लांबलचक गीत त्यात आहे, आणि त्याचा नायक लिंगो. साहजिक आहे. शिळा हटवणं ही घटना आहे. तिला तारीख लावता येते, गाणं बांधता येतं. पण 33 पोरांना रोज उठवणं, खाऊ घालणं, ताप आला तर उशाशी बसणं ही घटना नाही. ती रोजची गोष्ट. आणि इतिहास लिहिणाऱ्याला रोजची गोष्ट दिसत नाही.

लिंगोचं मोठेपण कमी करायचं नाहीये. हिरासुकाने तर जीव दिला. पण आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तो रिलीज होता आणि जंगो म्हणजे मेंटेनन्स. रिलीजला मेल येतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. पुस्तकवाले जिला मागे ठेवतात, तिला लोकांनी सोडलं नाही. महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवरच्या डोंगरात तिचीच, जंगूबाईची, गुहा आहे. तिथे पुष्य महिन्यात दोन्हीकडचे गोंड जमतात. तिचं स्मारक कुणी सरकारने बांधलेलं नाही. चुलीजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या ‘पयले मायचं नाव घे’ म्हणत ते उभं ठेवलंय. याहून चांगला बॅकअप मी तरी पाहिलेला नाही.

आणि आठवण अशी आपोआप टिकत नाही, कुणीतरी कष्ट घ्यावे लागतात. आजची एवढी मोठी जत्रा 1980 च्या दशकात मूठभर माणसांनी सुरू केली. त्यांत डॉ. मोतीरावण कंगाली होते. नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी, आणि नोकरी सांभाळून गोंडी भाषा, कोया पुनेम, लिंगोदर्शन यांवर पुस्तकं. त्यांची सगळी मतं सर्वांना पटत नाहीत, सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याच्या दाव्यावर तर बराच वाद आहे. ते 2015 मध्ये गेले. पण नोकरीतून उरलेल्या वेळात एका समाजाची आठवण जागी करता येते, हे त्यांनी दाखवलं. आम्हा शनिवार-रविवारवाल्यांनी शिकावं असं आहे.

विषयांतर झालं. असो.

निघताना सगळे एकमेकांना ‘जय सेवा’ म्हणत होते. गोंडांचा नमस्कार. आपण राम राम म्हणतो, देवाचं नाव घेतो. इथे नमस्कारातच सेवा आहे. आमच्या कंपनीत सेवेसाठी वर्षातून एक दिवस, एक टी-शर्ट आणि एक फोटोग्राफर असतो. मीही त्या फोटोत आहे, उगाच साव कशाला बनू?

पुण्याला परतल्यावर आत्याला फोन लावला. म्हटलं, ओसरीवर जेवायला यायची त्या पोरांची नावं आठवतात का? आत्या म्हणाली, ‘सगळी कशी आठवतील रे?’ आणि मग दीड तास बोलत राहिली. पहिल्या दिवशी अकरा नावं मिळाली. आता एकसष्ट झालीत. एक जण नर्स आहे, एक जण एसटीत कंडक्टर होता, एकीने स्वतःच्या अंगणात पोरांना शिकवायला घेतलंय. त्या वहीच्या पहिल्या पानावर मी आधी आजीचं नाव लिहिलं, मग आजोबांचं.

तुमच्या घरातही अशी कुणीतरी असेल. ती असेल तर आजच तिच्याजवळ बसा, गेली असेल तर आत्याला, मावशीला फोन लावा. ट्रंकेत काही सापडणार नाही, मी पाहून आलोय.

आणि हो, सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी त्या मेलला रिप्लाय-ऑल करून एक नाव वाढवणार आहे.

जय सेवा.