सिस्टर म्हणाल्या, थांबा!

आमच्या ऑफिसात नवा कोड सर्व्हरवर चढवण्याआधी एक चेकलिस्ट भरावी लागते. सगळे टिक मारतात... बहुतेक वेळा न वाचताच! (मीही त्यातलाच.) त्यामुळे पाच ओळींच्या यादीने माणसं वाचली, हे वाचलं तेव्हा आधी विश्वासच बसला नाही.

गोष्ट २००१ सालची, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या आयसीयूची. गंभीर पेशंटच्या मोठ्या शिरेत औषधं देण्यासाठी एक नळी घालतात, ती सेंट्रल लाइन. ती घालताना जरा हलगर्जीपणा झाला की जंतू थेट रक्तात. पीटर प्रोनोव्होस्ट या तिथल्या डॉक्टरने पाच पायऱ्या एका कागदावर लिहिल्या. हात साबणाने धुवा, पेशंटची त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसा, पेशंटवर पूर्ण निर्जंतुक चादर घाला, स्वतः टोपी-मास्क-गाऊन-ग्लोव्हज घाला आणि शेवटी निर्जंतुक ड्रेसिंग करा.

यात नवं काय? काहीच नाही! हात धुण्याचं महत्त्व सेमेलवाइसने व्हिएन्नात १८४७ मध्येच दाखवलं होतं. म्हणून प्रोनोव्होस्टने नर्सेसना सांगितलं, महिनाभर नुसतं बघा आणि लिहून ठेवा. निघालं काय, तर एक तृतीयांशाहून जास्त पेशंटच्या बाबतीत डॉक्टरांनी निदान एक तरी पायरी गाळली होती. पण डॉक्टरला टोकायचं कोणी?

खरी गंमत इथे आहे. मग व्यवस्थापनाने नर्सेसना अधिकार दिला, की पायरी गाळली तर डॉक्टरला तिथेच थांबवायचं. पुढच्या वर्षभरात, नळी घातल्यापासून दहा दिवसांत होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण ११ टक्क्यांवरून शून्यावर आलं.

नंतर मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये थोड्या फरकाने हीच पद्धत वापरली. तिथे दर हजार लाइन-दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होत, ते दीड वर्षात १.४ वर आले. हे आकडे २००६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले.

आता श्रेय सगळं चेकलिस्टला मिळतं. पण मला वाटतं, कागद तर कोणीही छापेल हो. सिनियर डॉक्टरला 'थांबा' म्हणणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी रुग्णालय उभं राहिलं, हे जास्त अवघड होतं.

असो. सोमवारी टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलीला सांगणार आहे, माझ्या यादीवर टिक तू मारायची. नाही पटलं तर मला सर्व्हरला हात लावू द्यायचा नाही. आणि तिने खरंच अडवलं तर चिडायचं नाही, हे मला स्वतःला बजावायचंय.