मुळशीची खाचरे आणि पेंढ्याचे मोल

सांप्रतचे लवासा ज्या मोसे खोऱ्यात वसले आहे, त्याच्या शेजारच्या मुळा खोऱ्यातील भातखाचरे टाटांच्या धरणात बुडणार, म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तो १९२४ पर्यंत चालला. या लढ्याचा विचार बहुधा जमीन व दाणा यांपुरताच होतो. पेंढा विस्मरणात जातो. वस्तुतः भाताचे रोप निसवण्यापूर्वी खोडात व पर्णकोषांत पिष्ट साठविते. लोंबी भरू लागली की त्याचा बराचसा अंश दाण्यात उतरतो, आणि गुरांच्या वाट्यास उरते ते निकस काड. जपानने अलीकडे हाच क्रम उलटविला: ‘ताचीसुझुका’ या वैरणीच्या वाणाची लोंबी आखूड, म्हणून साखर खोडातच राहते. मावळातील कुणब्यास ही चैन कोठली! त्यास दाणा हवाच होता, आणि त्याच खाचरातील निकस पेंढ्यावर बैल जगवावयाचा होता. खाचर बुडाले म्हणजे दोघांचाही घास गेला. मोबदल्याच्या रुपयांत तांदूळ पाठीवरून आणता येईल. गाडाभर पेंढा घाटवाटांनी आणणे ही निराळीच गोष्ट होय.